आधी मुक्काम, मग रस्ता: मोठा ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी आरव्ही लाइफ ट्रिप विझार्ड

पिकअप ट्रक २० फुटांचा, मागे ३२ फुटांचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर. अमेरिकेच्या रस्त्यावर ही ५२ फुटांची वरात झाली. तिला यू-टर्न नाही, पेट्रोल पंपावर हव्या त्या नळापाशी जागा नाही. आणि चुकीच्या गल्लीतून ती उलटी बाहेर काढताना चालवणारा आणि मागे उभं राहून हात हलवणारा यांच्यात जे संवाद होतात ते छापण्याजोगे नसतात. मोटारीसाठी बनवलेला नकाशा यातलं काहीच विचारत नाही. पूल किती उंच, बोगद्यात प्रोपेनचे सिलिंडर चालतात का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आरव्ही लाइफ प्रो ही वर्गणी नेमकी यासाठी आहे (आरव्ही म्हणजे राहण्याची सोय असलेलं वाहन किंवा ट्रेलर). वर्षाला साधारण ६५ डॉलर. त्यात मुख्य वस्तू दोन: संगणकाच्या ब्राउझरमध्ये चालणारा ट्रिप विझार्ड, ज्यावर प्रवास आखायचा, आणि फोनवरचं ॲप, जे चालवताना वळणं सांगतं. बरेच जण ॲपसाठी पैसे भरतात आणि विझार्ड कधी उघडतच नाहीत. आमच्या मते ६५ मधले ५० डॉलर विझार्डचे आहेत, ॲपचे उरलेले.

आधी टेप हातात घ्या

विझार्डला ट्रेलरची उंची, लांबी, वजन आणि प्रोपेन आहे की नाही हे सांगावं लागतं. पुढचा सगळा डोलारा या चार खणांवर उभा आहे आणि घोळ होतात तेही इथेच.

मॉडेलच्या नावातला २८ म्हणजे लांबी, हा पहिला गैरसमज. नावात २८ असलेला ट्रेलर जोडाच्या टोकापासून मागच्या स्टेपनीपर्यंत ३२-३३ फूट भरणं अगदी नेहमीचं. सायकलींचा रॅक लावला तर आणखी तीन फूट. मोजायचं ते ट्रकच्या पुढच्या बंपरपासून रॅकच्या टोकापर्यंत, आणि ट्रेलरची एकट्याची लांबीही वेगळी लिहून ठेवायची. कॅम्पग्राउंडवाले कधी ही विचारतात, कधी ती.

उंचीसाठी माहितीपत्रकावर विसंबू नये. टायर बदलले, ॲक्सल उचलून घेतला, छतावर नवा एसी बसवला की तो आकडा खोटा ठरतो. सपाट जागी, ट्रेलर ट्रकला जोडलेला असताना एसीच्या झाकणावर एक सरळ फळी आडवी धरायची आणि तिच्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप सोडायचा. अँटेना एसीहून उंच असेल तर फळी तिथे धरायची. आलेल्या आकड्यात ३ इंच मिळवायचे. ट्रॅव्हल ट्रेलर सहसा साडेदहा ते साडेअकरा फुटांत बसतो, फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रकच्या हौद्यात जोडला जाणारा उंच ट्रेलर, साडेबारा ते साडेतेरापर्यंत जातो. ‘उगाच धोका नको’ म्हणून सरसकट १३ फूट ६ इंच भरणारेही असतात. मग ११ फुटांचा ट्रेलर १३ फुटांच्या पुलाखालून जात असूनही विझार्ड त्याला लांबचा वळसा घालायला लावतो. उलट बाजूला, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमचा तो ट्रकांची छपरं सोलणारा ११ फूट ८ इंचांचा रेल्वेपूल २०१९ मध्ये ८ इंचांनी उचलला, पण १२ फूट ४ इंच झाला तरी फिफ्थ व्हीलला तो अजून बुटकाच आहे.

वजन ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर करायचं, आणि तेही प्रवासाला निघताना असतो तसा ट्रेलर भरून. पाणी गॅलनला ८.३ पौंड. म्हणजे ४० गॅलनची टाकी घरूनच भरून निघालात तर ३३० पौंड फुकट ओढताय. हुकअप, म्हणजे वीज-पाण्याची जोडणी असलेल्या मुक्कामाला जाताना टाकीत आठ-दहा गॅलन पुरतात.

वर्तुळं

विझार्डची खरी करामत इथे आहे. तुम्ही दिवसाचे मैल ठरवायचे आणि तो निघायच्या जागेभोवती तेवढं वर्तुळ काढून दाखवतो. वर्तुळाच्या काठाजवळ, तुमच्या रस्त्यालगत दिसणारे कॅम्पग्राउंड चाळायचे, एक निवडायचा, आणि पुढचं वर्तुळ त्याच्याभोवती उमटतं. रस्ता आधी आखून मग ‘कुठेतरी राहू’ म्हणणाऱ्यांची सवय हे साधन आपोआप मोडतं. मोठ्या ट्रेलरला ‘कुठेतरी’ नसतं.

मैल किती धरायचे? ट्रेलरवाल्यांमध्ये तीन-तीन-तीनचा नियम चालतो: दिवसाला ३०० मैलांच्या वर नाही, दुपारी ३ पर्यंत मुक्कामी, आणि एका जागी ३ रात्री. तिसरा भाग सुट्ट्या मोजून निघणाऱ्यांना परवडत नाही, पण पहिले दोन पाळावेत. आम्ही तर वर्तुळ २७५ चंच ठेवायला सांगू.

न्यू जर्सीतल्या एडिसनहून यलोस्टोनला निघालात असं धरा. आय-८० महामार्गाने पश्चिमेला २७० मैलांवर पेनसिल्व्हेनियातलं डुबॉय येतं. मोटारीचा नकाशा याला सव्वाचार तास म्हणेल. ट्रेलरचे बरेच टायर ताशी ६५ मैलांपर्यंतच्या वेगासाठीच बनवलेले असतात, म्हणून ६० ने चालायचं: साडेचार तास. त्यात पेट्रोलचे दोन थांबे, प्रत्येकी २०-२५ मिनिटं, कारण नुसतं पेट्रोल भरत नाही, टायर हाताने चाचपता, जोड आणि साखळ्या पाहता. जेवणाची ४० मिनिटं. सकाळी ९ ला निघालात तर ३ वाजतात. डुबॉयच्या अलीकडेच मिसिसिपीच्या पूर्वेला आय-८० वरची सर्वांत उंच जागा लागते, २,२५० फूट. दिवसाचा शेवटचा चढ तिथे संपतो, म्हणून पहिला मुक्काम इथे बेतणं बरं पडतं.

दोन गोष्टी वर्तुळ सांगत नाही. एक, वर्तुळ ते वर्तुळच, रस्ता वाकडातिकडा असतो. थांबा जोडल्यावर विझार्ड जे रस्त्याचे मैल दाखवतो तेच खरे. दोन, घड्याळ. पश्चिमेला जाताना इंडियाना-इलिनॉयच्या आसपास एक तास मिळतो, परतताना तोच तास जातो. जाताना आरामात झालेला २७५ मैलांचा टप्पा येताना संध्याकाळी ४ ला संपतो आणि कॅम्पग्राउंडचं ऑफिस कधीकधी ५ लाच बंद होतं.

पेट्रोलचा हिशेबही विझार्डमध्ये घालता येतो, फक्त खरा आकडा घाला. रिकामा ट्रक २० मैल देत असेल, पण मागे ७,००० पौंड लागले की ८ ते १० वर येतो. २६ गॅलनची टाकी, गॅलनला ९ मैल: २३४ मैल. पाव टाकी राखून ठेवली की उरतात १७५. म्हणजे दर १५० ते १७५ मैलांवर, आत-बाहेर सरळ जाता येईल असा पंप हवा. फ्लाइंग जे आणि लव्हजच्या बऱ्याच ठिकाणी आरव्हींसाठी वेगळी रांग असते, ती आधीच थांबा म्हणून आराखड्यात टाकावी. आणि मुक्कामाला वळण्याआधी टाकी भरून घ्यावी. सकाळी गर्दीच्या पंपावर ५२ फूट वळवण्यासारखं दुसरं कंटाळवाणं काम नाही.

रस्ता: काय कळतं, काय कळत नाही

बुटके पूल, वजनाच्या मर्यादा, प्रोपेनबंदीचे बोगदे यांची काळजी आराखडा घेतो, आणि पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी एवढ्यानेच वर्गणी वसूल होते. न्यूयॉर्कच्या पार्कवे आणि कनेटिकटचा मेरिट पार्कवे यांवर ट्रेलरला बंदी आहे, तिथले जुने कमानीचे पूल मोटारींपुरतेच उंच आहेत. बाल्टिमोरला आय-९५ चा फोर्ट मॅकहेन्री आणि आय-८९५ चा हार्बर, या दोन्ही बोगद्यांत प्रोपेन चालत नाही. पूर्वी सगळे आय-६९५ वरच्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायचे. २६ मार्च २०२४ ला जहाज आदळून तो पूल पडला. त्यामुळे आता ६९५ चा पश्चिमेकडचा अर्धा भाग घेणं हाच मार्ग. जुन्या सल्ल्यांत ‘की ब्रिजने जा’ असं आढळलं तर ते २०२४ पूर्वीचं समजा.

गडबड होते ती वेगळ्याच ठिकाणी. आराखडा नीट असतो, ॲप नीट चाललेलं असतं, पुढे रहदारी तुंबते, आणि शेजारी बसलेलं कोणीतरी आपल्या फोनवर नेहमीचा नकाशा उघडून म्हणतं, ‘अगं, इकडून वीस मिनिटं वाचतायत.’ ती वीस मिनिटं थेट पार्कवेच्या कमानीखाली नेतात. ट्रेलर जोडलेला असताना गाडीत एकच नकाशा बोलेल, असा नियम करावा.

घाटांचं मात्र स्वतःच बघावं लागतं. ट्रकची इंजिन-ब्रेकिंग किती, ट्रेलरचे ब्रेक कधी जुळवले, हे भरायला कुठे खण नाही. यलोस्टोनच्या वाटेवर वायोमिंगमध्ये बिगहॉर्न डोंगर ओलांडायला तीन रस्ते आहेत: यूएस १६, यूएस १४ आणि १४ए. १४ए वर लव्हलकडे उतरताना १० टक्क्यांचा उतार आहे, म्हणजे दर १०० फुटांना १० फूट खाली, आणि तो लवकर संपत नाही. ट्रेलरचे ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवले की तापतात, तापले की पकड सुटते, आणि नेमकी खालच्या वळणावर सुटते. बफेलोहून यूएस १६ धरावा. पावडर रिव्हर पास ९,६६६ फुटांवर असला तरी चढ-उतार तुलनेने सौम्य आहेत. टेन स्लीप, वर्लंड, ग्रेबुल करत कोडीला पोचता येतं. विझार्डने दुसरा रस्ता सुचवला तर टेन स्लीप हा मधला बिंदू टाका, आराखडा आपोआप तिकडे वळतो. उतरण्यापूर्वीच टो-हॉल मोड (ट्रकची ओझं ओढतानाची गिअर-व्यवस्था) लावून खालचा गिअर, वेग ३५-४०. ४५ वर गेला की ब्रेक ठामपणे दाबून ३५ वर आणायचा आणि पाय पूर्ण काढून घ्यायचा. हलका पाय टेकवून ठेवणं सगळ्यांत वाईट.

नॅशनल पार्कांचे स्वतःचे नियम आहेत आणि ते पार्कच्याच संकेतस्थळावर वाचावेत. ग्लेशियरच्या गोइंग-टू-द-सन रोडवर आरशासकट ८ फुटांहून रुंद किंवा २१ फुटांहून लांब वाहन डोंगराच्या भागात जाऊ शकत नाही. तिथे ट्रेलर खाली ठेवूनच जायचं, आणि मोठा पिकअप एकटाही आधी मोजून घ्यावा. झायनचा १९३० चा बोगदा पूर्वी पैसे भरून, समोरची वाहतूक थांबवून पार करता यायचा. जून २०२६ पासून ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद वाहनांना तो रस्ताच बंद. मोठे ट्रेलर ८ ते साडेआठ फूट रुंद असतात, म्हणजे सगळेच बाद. ब्राइस कॅन्यन पार्ककडून येणाऱ्यांनी यूएस ८९ ने कनाब, तिथून ॲरिझोना ३८९ आणि यूटा ५९ ने हरिकेन गाठून स्प्रिंगडेलकडे यावं. वळसा मोठा आहे, त्या दिवसाचं वर्तुळ त्याप्रमाणे लहान करा.

वारा हा आराखड्यात न बसणारा आणखी एक पाहुणा. वायोमिंगात आय-८० वर लॅरमी ते रॉलिन्स हा पट्टा वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध आहे, आणि उंच-हलक्या वाहनांना तो अधूनमधून बंद केला जातो. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे उंच आणि हलका, दोन्ही. त्या भागात एक दिवस राखीव ठेवून बुकिंग करावं. वारा सहसा सकाळी कमी असतो.

फोनच्या ॲपबद्दल एवढंच: नकाशे घरच्या वायफायवर आधी उतरवून घ्या, डोंगरात सिग्नल जातो. वर्षातून महिनाभरापेक्षा जास्त ट्रेलर ओढणाऱ्याने गार्मिनचं आरव्ही ७९५ वेगळं घ्यावं, ७ इंची पडदा, साधारण ४०० डॉलर. उन्हात दिसतं, फोन आला तरी नकाशा जात नाही. पण त्यावर बसून आठ दिवसांचा प्रवास आखणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. आखणी विझार्डवरच.

रात्र

वाटेतल्या मुक्कामाला आणि तीन दिवसांच्या मुक्कामाला चाळण्या वेगळ्या लावायच्या. वाटेत फक्त झोपायचं आहे, तिथे पुल-थ्रू, म्हणजे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडता येईल अशी जागा हवी, निदान ६० फुटांची, म्हणजे ट्रेलर सोडवायची गरजच नाही. तेवढी एक गोष्ट सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर वाचवते. वीज ३० अँपिअर की ५०, हे ट्रेलरवर एक एसी आहे की दोन यावरून ठरतं. ३० वर ३,६०० वॉट मिळतात: एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की खटका पडू शकतो.

बिनभाड्याच्या जागांबद्दल विझार्डच्या खुणांवर पूर्ण भरवसा नको. वॉलमार्टमध्ये रात्री थांबू द्यायचं की नाही हे त्या दुकानाचा व्यवस्थापक आणि गावचा कायदा ठरवतात, आणि दोन्ही बदलतात. क्रॅकर बॅरल या रेस्टॉरंटांच्या साखळीचंही तसंच, दुपारी फोन करून विचारायचं. रेस्ट एरियांचे नियम राज्यागणिक वेगळे: टेक्सासात २४ तास, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनमध्ये ८, फ्लोरिडात फक्त ३. अशा जागी स्लाइड (ट्रेलरच्या भिंतीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग) बाहेर काढायची नाही, डांबरावर जॅक टेकवायचे नाहीत, खुर्च्या मांडायच्या नाहीत. कांदेपोहे आतल्या शेगडीवर करा.

हार्वेस्ट होस्ट्स ही वेगळी वर्गणी, वर्षाला साधारण १०० डॉलर. द्राक्षमळे, शेतं, लहान संग्रहालयं यांच्या आवारात एक रात्र, भाडं नाही, पण यजमानाकडून ३० डॉलरची खरेदी करावी अशी रीत. यजमानाच्या पानावर किती फुटांची गाडी मावते ते लिहिलेलं असतं. आधी त्यावरूनच चाळा, फोटो नंतर बघा. वीज-पाण्याची जोडणी बहुधा नसते, आणि इथेच बॅटरीचा प्रश्न येतो.

नव्या ट्रेलरवर सहसा एक लेड-ॲसिड बॅटरी असते, ८० अँपिअर-तासांच्या आसपास. निम्मी वापरली की थांबावं, म्हणजे हाताशी ४०. ट्रेलर गरम ठेवणारी भट्टी प्रोपेनवर चालते हे खरं, पण तिचा पंखा ७-८ अँपिअर खातो. थंड रात्री तो मिळून पाच तास फिरला तरी ४० संपले, फ्रिजचं सर्किट आणि गॅसचा गजर वेगळे. पहाटे चारला भट्टी थंड पडते आणि सकाळी विजेवरचा जॅक उचलत नाही. दिवसभर ट्रकने बॅटरी भरली असेल असं धरू नका. ट्रक आणि ट्रेलर जोडणाऱ्या सातपिनी केबलची बारीक तार ३० फूट मागे जाईपर्यंत व्होल्टेज गळतं, जेमतेम काही अँपिअर पोचतात. थंडीत विनाजोडणी सलग दोन रात्री आखू नयेत. एक अशी, पुढची हुकअपवर.

यलोस्टोनच्या आत पूर्ण हुकअप असलेली जागा एकच, फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क. अस्वलांमुळे तिथे फक्त टणक भिंतींची वाहनं चालतात, कापडी पंखांचा पॉप-अप नाही. कोडीपासून ती ८० मैलांच्या आतच आहे, तरी त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. वाटेत सिल्व्हन पास आहे, ८,५२४ फूट.

शेवटचा मैल

हा कुठल्याच वर्गणीत मिळत नाही. आदल्या रात्री मुक्कामाची जागा उपग्रहाच्या चित्रावर मोठी करून बघायची. महामार्गावरून उतरल्यावर किती वळणं आहेत. फाटकाशी ५२ फूट उभे राहतील की शेपूट रस्त्यावर राहील. आतला रस्ता गोल फिरून बाहेर येतो की बंद आहे. प्रवेशाला चर किंवा मोठा उतार असेल तर ट्रेलरचं ढुंगण घासतं. लांब मागचा भाग असलेल्या मॉडेलांत डम्पचा, म्हणजे सांडपाण्याचा पाइप पहिला बळी जातो. मग रस्त्यावरचं छायाचित्र उघडून झाडांच्या फांद्या पाहायच्या, ते छायाचित्र कोणत्या ऋतूतलं आहे हेही.

मग फोन. जागा ‘३५ फूट’ आहे म्हणजे ट्रकसकट की ट्रेलर एकटा? पुल-थ्रूच्या तोंडाशी झाड किंवा खांब आहे का? विजेची पेटी डाव्या बाजूला मागे आहे ना? ३० अँपिअरची केबल सहसा २५ फुटांचीच असते. आणि ‘या की, सगळे येतात’ असं उत्तर आलं तर विचारावं, गेल्या आठवड्यात आलेला सर्वांत लांब ट्रेलर किती फुटांचा होता. ज्याने स्वतः उभं राहून तो आत घेतलेला असतो तो आकडा लगेच सांगतो.